ब्रिजेट रायली: काळ्या-पांढऱ्या चौकोनांपासून भिंतीवरच्या ठिपक्यांपर्यंत

प्रश्न चित्रकलेच्या विद्यार्थ्याचा आहे आणि त्यात तीन प्रश्न एकत्र आहेत. ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायली १९६०च्या दशकातल्या डोळे गरगरवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या चित्रांमुळेच मोठ्या झाल्या का? पुढे त्यांनी रंगांकडे का वळावं? आणि चित्रं सहायक रंगवतात, तर त्यात त्यांचं स्वतःचं काय उरतं? शेवटी, असं काही करून पाहायचं तर सुरुवात कुठून करावी, हेही विचारलंय.

आधी माझं मत सांगतो. १९६१ ते १९६६ हा त्यांच्या कामाचा सगळ्यांत प्रसिद्ध काळ आहे, पण त्यावर थांबलात तर पुढची पन्नासहून अधिक वर्षं हातून निसटतात. रायली एक साधा घटक घेतात, तो ताणत नेतात, आणि तो जिथे तुटायला लागतो तिथून पुढचं काम सुरू करतात. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याला जे पेललं नाही त्यातून आलाय. ही साखळी लक्षात आली की ‘शैली का बदलली’ हा प्रश्न निघतच नाही.

जन्म १९३१चा, लंडनचा. युद्धाची वर्षं कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर गेली. समुद्राच्या पाण्यावरची चकाकी, ढगांच्या धावत्या सावल्या यांचा उल्लेख त्या स्वतः पुन्हा पुन्हा करतात, म्हणून तो नोंदवायचा. त्यावरून चित्रांत समुद्र शोधत बसू नका. १९४९ ते १९५२ गोल्डस्मिथ्स कॉलेज, मग १९५५ पर्यंत रॉयल कॉलेज ऑफ आर्ट. गोल्डस्मिथ्सला सॅम रॅबिन यांच्याकडे त्यांनी मानवाकृतीचं रेखाटन कसून केलं. हे महत्त्वाचं आहे, कारण ‘ज्यांना ड्रॉइंग येत नाही ते पट्टे काढतात’ हा समज त्यांच्याबाबतीत पहिल्याच पायरीवर खोटा ठरतो. कॉलेज संपल्यावरची काही वर्षं चाचपडण्यात गेली. पोटापाण्यासाठी शिकवणं आणि जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीत चित्रं काढणं चालू होतं.

खरं वळण १९५९चं. त्या वर्षी त्यांनी ठिपक्यांनी रंगवणाऱ्या जॉर्ज सुरा या फ्रेंच चित्रकाराच्या कूर्बव्हाच्या पुलाच्या चित्राची नक्कल केली. मूळ चित्र लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत, म्हणजे गावातच होतं. पण त्यांनी नक्कल केली ती पुस्तकातल्या छापील चित्रावरून आणि मूळ चित्राहून मोठ्या आकारात. कारण चित्राचं रूप उतरवणं हा हेतूच नव्हता. कुठला ठिपका कुठल्या ठिपक्याशेजारी ठेवला की मधल्या जागेत तिसरंच काही तयार होतं, हे हाताने समजून घ्यायचं होतं. १९६०मध्ये इटलीत सिएनाजवळच्या तापलेल्या मैदानाचं ‘पिंक लँडस्केप’ हे चित्र ठिपक्यांच्याच पद्धतीने झालं. इथे पहिली अडचण आली. ठिपके निसर्गदृश्याचे गुलाम राहतात. झळ दाखवायची तर झळ असलेलं मैदानही दाखवावं लागतं. मैदान काढून टाकून नुसती झळ ठेवता येईल का?

१९६१चं ‘किस’ हे त्याचं पहिलं उत्तर. दोन काळे आकार, एकाची कड वक्र, दुसऱ्याची सरळ, आणि ते जवळजवळ टेकतात तिथे पांढऱ्याची बारीक फट. सगळा ताण त्या फटीत आहे. त्याच वर्षी ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ झालं. काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा पट, चौकोनांची उंची सगळीकडे तीच, रुंदी मात्र डावीकडून उजवीकडे कमी होत जाते, पाऊण वाटेच्या अलीकडे अगदी चिंचोळी होते आणि पुन्हा उघडायला लागते. सपाट बोर्ड तिथे आत वळल्यासारखा दिसतो. यात गणित आहे ते चौथीच्या पुस्तकातलं: निम्मं करणं, समान भाग पाडणं, क्रमाने कमी-जास्त करणं. बाकी सगळा निर्णय डोळ्याचा.

हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून आधी करून पाहा. ५० बाय ५० सेंटिमीटरचा हार्डबोर्ड किंवा जाड माउंटबोर्ड घ्या. पांढऱ्या प्रायमरचे किंवा पोस्टर कलरचे दोन पातळ हात द्या, वाळल्यावर बारीक पॉलिशपेपर फिरवा. पाच सेंटिमीटर उंचीच्या नऊ ओळी आखा. स्तंभांची रुंदी, सेंटिमीटरमध्ये, अशी ठेवा: ५, ४.९, ४.७, ४.३, ३.८, ३.२, २.५, १.७, ०.९ आणि तिथून परत ०.९, १.७, २.५, ३.२, ३.८, ४.३. पंधरा स्तंभांची बेरीज ४७.४ येते आणि घडी, म्हणजे स्तंभ सगळ्यांत चिंचोळे होतात ती जागा, डावीकडून सुमारे दोन-तृतीयांशावर पडते. ही मापं रायलींच्या चित्राची नाहीत. गोल खांबावर सारखे चौकोन काढले तर कडेला जाताना ते जसे अरुंद दिसतील, त्या हिशोबाने ती काढली आहेत.

आता हाच पट ५, ४.५, ४, ३.५ असा प्रत्येक वेळी अर्धा सेंटिमीटर कमी करत आखा. बहुतेक विद्यार्थी पहिल्यांदा हेच करतात आणि पृष्ठभाग वळत का नाही म्हणून वैतागतात. डोळा फरक मोजत नाही, प्रमाण मोजतो. पाचाचे साडेचार झाले तर दहा टक्के घट. एकाचा अर्धा झाला तर पन्नास टक्के. त्यामुळे सुरुवातीला उतार कंटाळवाणा वाटतो आणि शेवटी एकदम चिमटा बसतो. उलट दर वेळी तेच प्रमाण ठेवलं, समजा प्रत्येक स्तंभ आधीच्याच्या ८० टक्के, तर सपाट भिंत दूर जाताना दिसते. घडी पडत नाही. वळण हवं असेल तर सुरुवातीला घट नावापुरती आणि घडीजवळ भराभर, हे तत्त्व.

रंगवताना तीन ठिकाणी काम बिघडतं. चिंचोळ्या स्तंभात अर्धा मिलिमीटर चूक झाली तरी ती पाच टक्क्यांहून जास्त असते आणि लगेच डोळ्यात भरते. रुंद स्तंभात तीच चूक कुणालाच दिसत नाही. म्हणून आखणीची सुरुवात घडीपासून करा आणि बाहेर जा. दुसरं, काळ्या-पांढऱ्याची सारखी रुंदी सारखी दिसत नाही, पांढरं नेहमी फुगतं. चिंचोळ्या भागात पांढऱ्याच्या कडेवर काळा किंचित चढवावा लागतो, केसभरच. तिसरं, काळ्याची चमक. काही चौकोन चकचकीत आणि काही मॅट राहिले की प्रकाश पडताच सगळा पट फुटतो. एका बैठकीत पुरेल एवढा काळा एकाच वाटीत कालवा आणि दोन पातळ हात द्या. एक जाड हात ब्रशच्या खुणा सोडतो.

१९६२मध्ये लंडनच्या गॅलरी वनमध्ये त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. १९६३चं ‘फॉल’ टेट गॅलरीने त्याच वर्षी घेतलं. त्यात एकच वक्र रेषा आडव्या दिशेने पुन्हा पुन्हा येते. वरच्या भागात लांब संथ वळणं, खाली ती आखूड आणि दाट होत जातात. खालचा भाग जवळून पाहताना डोळ्यात पाणी येतं ते खरंच येतं, उपमा नाही. रेषा इतक्या दाट आणि विरोध इतका तीव्र की डोळ्याची सततची बारीक हालचालच चित्रात फिरायला लागते. नजर स्थिर ठेवायचा प्रयत्न केला की जास्त हलतं.

१९६५मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ हे प्रदर्शन भरलं. कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर रायलींचं ‘करंट’ होतं. त्या तिथे पोचेपर्यंत दुकानांच्या काचांमागे त्यांच्या चित्रांसारखे नक्षीचे कपडे लटकत होते. एका संग्राहक-कापड व्यावसायिकाने तर विकत घेतलेल्या चित्रावरूनच कापड काढलं होतं. त्यांनी कायद्याचा आधार शोधून पाहिला, पण त्या वेळच्या अमेरिकेत चित्रकाराच्या हाती फारसं काही लागत नसे. ‘ऑप आर्ट’, म्हणजे डोळ्याला फसवणारी कला, हे लेबल चिकटलं आणि गंभीर समीक्षक काही काळ दूर सरकले. काळं-पांढरं सोडण्याचं कारण मात्र हा गदारोळ नव्हता, असं माझं मत आहे. चित्रांच्या तारखा पाहा: करड्या छटांचं काम त्याआधीच सुरू झालं होतं. १९६४च्या ‘पॉज’ आणि ‘हेझिटेट’मध्ये गोल लंबगोल होत जातात आणि काळा करड्यात उतरतो. १९६५च्या ‘अरेस्ट’ मालिकेत करडा उष्णही आहे, थंडही. १९६७च्या ‘डिनाय २’मध्ये लंबगोलांचा आणि पार्श्वभूमीचा करडा यांत उष्ण-थंडाचा आणि गडद-फिक्याचा खेळ एकमेकांविरुद्ध लावला आहे. इथे गाडी रंगाच्या दारात येऊन उभी राहते, कारण उष्ण करडा आणि थंड करडा हे शेवटी रंगच.

इथे काळ्या-पांढऱ्याची मर्यादाही समजते. काळा-पांढरा धक्का देतो, पण धक्क्याचं प्रमाण तेवढंच बदलता येतं. रंगात शेजार बदलला की रंगच बदलतो. १९६७च्या ‘कॅटरॅक्ट ३’मध्ये शेंदरी आणि फिरोजी यांची जोडी लाटांतून जाते. ‘लेट मॉर्निंग’ (१९६७–६८) उभ्या सरळ पट्ट्यांचं. लाट टाकून पट्टा का? रंग आधीच अस्थिर, त्यात आकारही वळत राहिला तर दोघे एकमेकांच्या पायात येतात. पट्ट्याला कड जास्त आणि आकार जवळजवळ नाही, आणि रंगाचा सगळा व्यवहार कडेवरच चालतो. १९६८मध्ये व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात चित्रकलेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षी पीटर सेजली यांच्यासोबत त्यांनी ‘स्पेस’ ही संस्था उभी केली, रिकाम्या गोदामांत चित्रकारांना स्वस्त स्टुडिओ मिळवून देणारी.

रंगाच्या पट्ट्यांचा सराव कागद कापून करा, ब्रशने नको. तीन रंग घ्या, समजा लाल, हिरवा आणि निळा. कार्ट्रिज पेपरवर पोस्टर कलरचा सपाट हात देऊन एक सेंटिमीटर रुंद, चाळीस लांब अशा प्रत्येकी वीस पट्ट्या कापा. पांढऱ्याच्याही तेवढ्याच. आधी फोनच्या कॅमेऱ्यात ब्लॅक-अँड-व्हाइट करून तिन्ही रंग पाहा. एखादा रंग बाकीच्यांपेक्षा फार गडद असेल तर तुम्ही रंगाचा खेळ मांडताय असं वाटेल आणि प्रत्यक्षात दिसेल फक्त गडद-फिका. टोन, म्हणजे रंगांचा गडद-फिकेपणा, जवळ आणा. मग क्रम लावा: लाल-हिरवा-निळा-पांढरा असा सरळ फिरवलात तर दोन मिनिटांत चित्र मेलेलं दिसतं. तालात सम कुठे येते हे ऐकणाऱ्याला आधीच कळलं की मजा जाते, तसंच. प्रत्येक रंगाला वेगवेगळे शेजारी मिळतील असा क्रम शोधा, आणि पट्ट्या चिकटवण्याआधी एक रात्र तशाच ठेवा.

लांबूनही पाहा. हातभर अंतरावरून लाल आणि निळा एकमेकांना दूर ढकलतात, प्रत्येक जास्त भडक दिसतो. पुरेसं लांब गेलात की तेच दोघे एकमेकांत विरघळून जांभळट धुकं होतं. या दोन अंतरांच्या मधली जागा, जिथे रंग धड वेगळेही नाहीत आणि मिसळलेलेही नाहीत, तिथे रायलींची चित्रं सगळ्यांत जास्त काम करतात. पट्ट्याची रुंदी ठरते ती यावरून.

१९७०च्या दशकात पिळलेल्या वक्र पट्ट्या आल्या. सुंदर आहेत, पण मला त्या थोड्या गोड वाटतात. १९७९–८०च्या हिवाळ्यात रायली इजिप्तला गेल्या आणि नाईलकाठच्या थडग्यांतली भित्तिचित्रं पाहून परतल्या. विटकरी लाल, पिवळा, निळा, फिरोजी, हिरवा, जोडीला काळा-पांढरा; हजारो वर्षं याच मूठभर रंगांवर एका संस्कृतीने सगळं भागवलं होतं. परत येऊन त्यांनी आठवणीतून तशी रंगपेटी बांधली आणि पुन्हा सरळ उभ्या पट्ट्यांकडे गेल्या. १९८१चं ‘एकीयन’ त्यातलं. माध्यमही याच सुमारास बदललं. १९६०च्या दशकातले पीव्हीए (पाण्यात मिसळणारे इमल्शन रंग) आणि नंतरचे ॲक्रिलिक सोडून वरचा थर तैलरंगाचा झाला. ॲक्रिलिक वाळताना किंचित गडद होतो आणि त्याची खोली मर्यादित. इतके तीव्र रंग शेजारी ठेवायचे तर प्रत्येकाला घनता हवी, ती तेलात मिळते. खाली ॲक्रिलिकचा हात, वर तेल, हा क्रम बरोबर. उलटा केलात, तेलावर ॲक्रिलिक, तर थर धरत नाही आणि पुढे सुटतो.

१९८६च्या आसपास पट्ट्यांनाही अडचण आली. रंग कितीही श्वास घेत असले तरी उभी पट्टी नजरेला एकाच दिशेने ढकलते. मग तिरका छेद आला. उभ्या पट्ट्या कर्णरेषांनी कापल्या की छोटे तिरके चौकोन तयार होतात, काही पुढे येतात, काही मागे जातात. त्याच काळात, १९८१ ते १९८८, त्या लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या विश्वस्त होत्या, आणि १९८९मध्ये तिथेच त्यांनी निवडलेल्या जुन्या चित्रांचं प्रदर्शन झालं; टिशियन, रूबेन्स, सेझान त्यात होते. मोठ्या मानवाकृतींच्या चित्रांत कर्ण जागा कशी बांधतात हे त्या पाहत होत्या. १९९३चं ‘नटराज’ या टप्प्याचं शिखर, सव्वादोन मीटरहून अधिक रुंद. नावावरून शिवाची आकृती शोधू नका. एकाच ठिकाणी राहून सगळ्या दिशांनी चाललेली हालचाल, एवढंच त्या नावात घेतलंय, आणि ते चपखल आहे. १९९७पासून वक्र परतले, या वेळी पानांसारख्या मोठ्या सपाट आकारांत. नंतर थेट भिंतीवरची रेखाचित्रं, २०१२चं ‘राजस्थान’ हे भिंतीवरचं काम, मग पुन्हा पट्टे, काळे-पांढरे त्रिकोण, आणि २०१६पासून ‘मेझर फॉर मेझर’मधले दबलेल्या हिरव्या, जांभळ्या, नारिंगी रंगांचे गोल ठिपके. २०१९मध्ये नॅशनल गॅलरीच्या एका दालनात ‘मेसेंजर्स’ नावाने तेच ठिपके भिंतीवर गेले. सुराच्या ठिपक्यांपासून निघालेली बाई साठ वर्षांनी ठिपक्यांपाशी आली, पण आता मैदानाची गरज नाही. लिव्हरपूलच्या रॉयल हॉस्पिटलमध्ये १९८३ साली आणि लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये १९८७ आणि २०१४ साली केलेली मजल्यांच्या भिंतींवरची रंगसंगतीही लक्षात घेण्यासारखी आहे. स्ट्रेचरवर झोपलेला माणूस ती पुढे सरकता सरकता पाहणार, हा हिशोब तिथे धरावा लागतो.

आता सहायकांचा प्रश्न. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच अंतिम चित्रं सहायक रंगवतात आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. काम असं चालतं: आधी ग्राफपेपरवर किंवा साध्या कागदावर ग्वाशमध्ये (पाण्यात कालवायच्या अपारदर्शक रंगात) छोटे अभ्यास, डझनावारी. रंगांच्या चित्रांसाठी रंगवलेले कागद कापून सरकवत, टाचत जुळवणी. पटलं तर कार्टून, म्हणजे प्रत्यक्ष आकाराचा कागदी आराखडा, कारण वीतभर अभ्यासात उत्तम चालणारी रुंदी दोन मीटरवर साफ कोसळते. कार्टून मंजूर झालं तरच कॅनव्हास, त्यावर आखणी, खालचा हात, वरचा हात. कडा मास्किंग टेपने नाही, ब्रशने मारतात. टेप काढल्यावर कडेला रंगाची बारीक मेर उभी राहते, बाजूचा प्रकाश तिच्यावर अडतो आणि दोन रंगांच्या मध्ये तिसरी, सावलीची रेषा येते. वर टेपखालून रंग झिरपतो तो वेगळाच. ज्या चित्राचा सगळा व्यवहार कडेवर आहे तिथे हे परवडत नाही.

त्यामुळे ‘त्यांचं काय उरतं’ याचं उत्तर: अभ्यास, मापं, रंगाचं नेमकं मिश्रण, क्रम, नाकारणं. ब्रशची ओळखू येणारी लकब चित्रात यावी अशी त्यांची इच्छाच नाही. ती आली तर पाहणारा रंगवणाऱ्या हाताकडे पाहील आणि कडेवर जे घडतंय ते चुकवेल. स्वतः रंगवत बसल्या असत्या तर घालवलेल्या श्रमाचा मोह पडला असता आणि फसलेलं चित्र टाकून देणं जड गेलं असतं, हा व्यावहारिक फायदाही आहेच. विद्यार्थ्याने मात्र निदान पहिली पाच-सात स्वतः रंगवावीत. कड कुठे दगा देते हे दुसऱ्याला सांगायला आधी आपल्या हाताला माहीत हवं.

आणि ही चित्रं फोनवर पाहून मत बनवू नका. बारीक रेषा स्क्रीनच्या ठिपक्यांशी भांडतात आणि मूळ चित्रात नसलेल्या लहरी उठतात. झूम केलं की त्या जागा बदलतात, तीच खूण. रंगीत चित्रांत छपाईची शाई शेंदरी-फिरोजीची तीव्रता पेलत नाही, टोन बिघडतो आणि कडेवरची हालचाल थांबते. पुस्तकच हाती असेल तर रेखाचित्रं आणि ग्वाशचे अभ्यास असलेलं निवडा. ते प्रत्यक्षातही लहानच असल्यामुळे छपाईत फार बिघडत नाहीत, आणि शेजारच्या पेन्सिलच्या नोंदींत कुठला रंग कशासाठी खोडला हे वाचता येतं.